जात सोडली, मग तक्रारीत जात का लिहावी?



वर्षावासात आमच्या मंगरूळपीरच्या विहारात ग्रंथवाचन संपल्यावर, नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एका बाईंनी प्रश्न केला, "सर, दीक्षा घेतली तं जात सोडली ना आपुन? मंग ठाण्यात पुन्हा तेच नाव कायले सांगाचं?" प्रश्न साधा नाही. ज्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या अवमान झाला ते नाव आपण टाकून दिले, आणि कायद्याचा कागद तेच नाव परत मागतो. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देत आहे.

आधी जवळचे उदाहरण घेऊ. १९७४ साली अकोला जिल्ह्यातील ढाकळी गावी गोपाळ गवई आणि त्यांचे बंधू यांचे डोळे काढण्यात आले. गावातील मातब्बराच्या मुलाने गोपाळरावांच्या मुलीला फसविले, बापाने त्याबद्दल दाद मागितली, एवढाच त्यांचा अपराध. तेव्हा आपला तालुकाही अकोला जिल्ह्यातच होता. वाशिम जिल्हा १९९८ साली झाला. दलित पँथरने हे प्रकरण थेट पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत नेले. परंतु कायदा काय होता? १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम. पाणवठा, देऊळ, हॉटेल येथे अडविले तर शिक्षा सांगणारा. डोळे काढणे ही दंडविधानाच्या दृष्टीने केवळ जबर दुखापत होती. माणसाला त्याच्या जागेची आठवण करून देण्यासाठी ती केली, हे लिहायला कायद्यात रकानाच नव्हता.

तो रकाना १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने मिळाला. ३० जानेवारी १९९० पासून तो लागू आहे. मग प्रश्न सुटला काय?

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी आपण सर्वांना ठाऊक आहे. भोतमांगे कुटुंब बौद्ध होते, स्वतःची शेती कसणारे, मुलांना शिकविणारे. एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाबाई आणि मुलगी प्रियंका यांनी पोलिसांपुढे आरोपींची नावे सांगितली. २९ सप्टेंबर २००६ रोजी ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी सुरेखाबाई, प्रियंका, सुधीर व रोशन यांची हत्या झाली. भैयालाल तेवढे वाचले. त्या दोघी मायलेकींच्या शरीराची जी तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती ती नीट झाली नाही. एकदा हातचा गेलेला पुरावा मागाहून मोर्चे काढून परत येत नाही, हे फार कडवट सत्य आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. त्यांपैकी सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप झाली. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. येथपर्यंत कोणी म्हणेल, शिक्षा तर झाली. पण दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा येथे लागू होत नाही असे मानले. हत्या साक्षीचा सूड म्हणून झाली, जातीमुळे नव्हे, असा निष्कर्ष निघाला. मी विचारतो, गावातील एखाद्या बलिष्ठ जातीच्या बाईने साक्ष दिली असती तर जमाव तिच्या दारात असा गेला असता काय? सूड खरा असेल. पण सूड घेण्याची ती हिंमत कोठून आली? २० जानेवारी २०१७ रोजी भैयालाल वारले, तोवर या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणत्याही न्यायालयाने दिले नव्हते.

हे दुखणे केवळ आपले नाही. १९५५ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला ठार मारण्यात आले. सर्व गोऱ्या पुरुषांच्या पंचमंडळाने सुमारे तासाभरात दोघा आरोपींना निर्दोष ठरविले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका मासिकाला पैसे घेऊन आपणच मारल्याचे सांगितले. एकदा सुटले म्हणून पुन्हा खटला चालला नाही. त्या मुलाच्या नावाचा झुंडहत्याविरोधी कायदा तेथे २०२२ साली झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूर्वी गंभीर गुन्ह्यात 'पीडित अनुसूचित जातीचा आहे म्हणूनच' गुन्हा केला हे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, पीडिताची जात 'ठाऊक असताना' गुन्हा केला एवढे पुरते. आणि आरोपी कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे त्याने दाखवायचे. खेड्यात कोण कोणाला ओळखत नाही? म्हणून तक्रारीत आपली अनुसूचित जात, आरोपीशी किती वर्षांची ओळख आणि त्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहिले पाहिजेत. बौद्ध झाल्याने हा हक्क जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना ते संरक्षण मिळाले आहे. दाखल्यावरची जात ही आपली ओळख नव्हे. आपल्यावर काय लादले गेले त्याची ती नोंद आहे. डॉक्टरला आपण रोगाचे नाव सांगतो, म्हणून रोग आपला धर्म होत नाही.

तक्रार लिहिताना चौथे शील विसरू नये. नसलेली शिवी घालू नये, नसलेला माणूस गोवू नये. एक खोटे नाव सापडले की वकील उरलेली नऊ खरी नावे धुऊन काढतो. अशा खोट्या नावांवर बोट ठेवूनच सबंध कायद्याविरुद्ध ओरड होते. आणि जे पाहिले ते गिळूही नये. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी मुलाची हत्या झाली. न्यायालयात साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च मागण्याचा हक्क याच कायद्यात आहे, पण तो मागावा लागतो.

तक्रारीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये. नोंद नाकारली तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी व पावती जपावी. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो.

त्या बाईंच्या घरी जातीचा दाखला अद्याप काढलेला नाही. सासऱ्यांच्या शाळेचा जुना दाखला सापडतो काय, ते पाहून येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन यायला मी त्यांना सांगितले आहे. अर्ज आम्ही तेथेच बसून लिहू. आणखी कोणाचा राहिला असेल त्यांनीही यावे.

जय भीम.