धातूची मूर्ती कशी घडते?

माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातून पुढे जाते. आमच्या दिंडीतली काही मंडळी वारी करून परतल्यावर एकदा प्रतापगडावर गेली होती. गडावर शिवछत्रपतींचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुतळ्यापुढे हात जोडून उभे असताना एका बुवांनी विचारले, "एवढा घोडा घणाने ठोकून करत्यात व्हय?"

नाही बुवा, तो ओततात. सांगलीकडच्या मंडळींना ओतकाम नवे नाही. औंध संस्थानात १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, लोखंडी नांगर ओतले गेले. नांगराला वाळूचा साचा पुरतो. लाकडी नमुना काढून घेतला की पोकळी उरते. पण चेहऱ्याला खाचाखोचा फार. ओठांच्या फटीतून, कानाच्या पाळीतून नमुना सरळ निघत नाही. म्हणून तिथे मेण घ्यावे लागते.

शिल्पकार आधी लोखंडी सांगाड्यावर माती चढवतो. खरी कला काय ती इथेच. कपाळाची आठी, मनगटाची शीर, सारे बोटांनी. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्याच्या आत मेणाचा पातळ थर, आणि थराच्या आत गाभा. बाहेरून लेप देऊन भट्टीत घातले की मेण वितळून जाते. जिथे मेण होते तिथे तांबे आणि कथलाचा तप्त रस शिरतो. एवढा मोठा पुतळा आतून पोकळच असतो. भरीव ओतला तर निवताना धातू आक्रसून तडकतो. हीच रीत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात लिहून ठेवली आहे.

सासवणे गावचे विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुण्याचा अश्वारूढ शिवपुतळा १९२८ साली केला. तो माझगावच्या गोदीत एकसंध ओतला. तुकडे ओतून जोडले तर एखादा बिघडला तरी पुन्हा करता येतो. एकसंध ओतताना रस मध्येच अडला की सगळ्या महिन्यांची मेहनत गेली. अशा जोखमीला छाती लागते हो!

आता घरच्या देव्हाऱ्याकडे या. आपला पितळी विठोबा लहान आणि भरीव, पण ओतारी बांधवांनी त्यालाही मेणातूनच घडवलेले असते. डोळ्याची रेघ, ओठाची कड, ही कारागिराची सारी करणी धातूच्या अगदी वरच्या पापुद्र्यात असते. आणि आपण काय करतो? दर एकादशीला चिंच, राख, वर विटकरीची पूड! लखलखीत दिसावा म्हणून घासतो, नि थोडे थोडे नाक झिजवतो. आमच्या घरच्या रखुमाईला आज डोळे उरलेले नाहीत. तीन पिढ्यांनी भक्तीनेच घासले, त्यात मीही आलो. पंढरीस पांडुरंगाच्या चरणांची झीज होऊन लेप द्यावा लागला. तो तर पाषाण!

मूर्तीवर चढणारा काळपट रंग म्हणजे मळ नव्हे. तो धातूला राखतो. पंचामृत घातले तर दह्याचा आंबटपणा मागे राहू देऊ नका, कारण तो तांब्याला खातो. भरपूर पाण्याने धुवावे, मऊ धोतराच्या फडक्याने टिपावे आणि खाचेत ओल राहिली नाही ना, एवढे पाहावे. चिंच लावायचीच तर वर्षातून एकदा, हलक्या बोटाने. राख आणि विटकर मात्र भांड्यांपुरतीच ठेवा.