एका शब्दाची धाव

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला 'रन' हा शब्द अगदी आरंभीच भेटतो. रन म्हणजे धावणे, एवढे पाठ झाले की हा शब्द आपल्याला आला, असे त्यास वाटते. पुढे एके दिवशी 'मोहन रन्स अ शॉप' हे वाक्य समोर येते आणि तो निःशंकपणे लिहून टाकतो : 'मोहन दुकान पळवतो.' बिचारा मोहन! सचोटीने दुकान चालविणारा तो गृहस्थ एका भाषांतरापायी चोर ठरतो.

'रन' या शब्दाचे नाते पायांशी आहे खरे. परंतु जे जे न थांबता पुढे जाते, त्या सर्वांना इंग्रजीने हा शब्द बहाल केला. इंग्रजीत नदी धावते, मराठीत ती वाहते. इंग्रजीत यंत्र धावते, मराठीत ते चालते. सर्दी झाली की इंग्रजी नाकही धावू लागते. मराठी नाक नुसते गळते! कच्च्या रंगाचे कापड भिजले, तर त्याचा रंगही धावतो. 'इन द लाँग रन' म्हणजे लांबची शर्यत नव्हे, तर कालांतराने, अखेरीस. अमेरिकेत निवडणुकीचा उमेदवार धावतो. इंग्लंडात मात्र तो, मराठीतील उमेदवाराप्रमाणेच, उभा राहतो. भाषा एकच, पण एकीकडे धावपळ, तर दुसरीकडे स्वस्थ उभे राहणे!

या अर्थांची मोजदाद ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी शब्दकोशात झाली आहे. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला व १९२८ साली तो कोश पूर्ण झाला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकारांनी 'रन' हाती घेतला. या एका शब्दापाशी त्यांचे सुमारे नऊ महिने गेले. काम संपले तेव्हा, म्हणजे २०११ च्या सुमारास, केवळ क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. 'सेट' मागे पडला.

क्रिकेटच्या मैदानावर तर हा शब्द इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्याही तोंडी असतो. तेथे मराठीने त्यास 'धाव' हा सरळ प्रतिशब्द दिला. पण तेथेही तो सरळ वागत नाही. चेंडू सीमापार गेला की फलंदाजाच्या नावावर चार धावा मांडल्या जातात, आणि त्यांसाठी त्याला एक पाऊलही धावावे लागत नाही.