आधी मोटरीची पाटी वाच

दुकान आता तू बघणार, तर पोरा, थोडं ऐकून घे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "धाची मोटर हाय, धाचा ड्राइव्ह बसवा." लगेच मान डोलवू नकोस. एचपी हे बोलायचं माप झालं, मोटरीचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हला कळतो अँपिअर. मोटरीच्या पाटीवर फुल लोडचा करंट असतो, ड्राइव्हचा अँपिअर त्याहून कमी नको. १० एचपीची साधी मोटर १४-१५ अँपिअर घेते. तेवढीच पाणबुडी मोटर जास्त ओढते, म्हणून तिला बहुतेक वेळा एक साइज वरचा ड्राइव्ह लागतो. गुऱ्हाळाचा चरक असेल तरी वरचाच घे. पंप हळू फिरला की लोडही उतरतो, चरकात ऊस अडकला की हळू फिरतानाही पूर्ण जोर लागतो.

जुना स्टार-डेल्टा स्टार्टर मधून काढायचा. पाटीवर ४१५ डेल्टा लिहिलं असेल तर मोटरीच्या पेटीतच डेल्टाच्या पट्ट्या मारून तीनच वायरी बाहेर काढ. आणि कंडेन्सर! ड्राइव्ह आणि मोटरीच्या मध्ये तो राहता कामा नये. माझ्या हातून एकदा राहिला. ड्राइव्ह ट्रिप झाला, मी रीसेट मारला, पुन्हा ट्रिप, पुन्हा रीसेट. तिसऱ्यांदा धूर निघाला. नवाकोरा ड्राइव्ह भरून द्यावा लागला.

पण आपल्या नरसोबाच्या वाडीत खरी गोम केबलची आहे. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं की लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतात आणि आपली गिऱ्हाइकं मोटरी काढायला. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. म्हणून पॅनेल वर उंचावर आणि मोटर खाली जॅकवेलमध्ये. मध्ये लांबलचक केबल. स्टार्टरला त्याचं काही नव्हतं. ड्राइव्ह मात्र ४१५ व्होल्टचं आत ५८५ च्या आसपास डीसी करतो आणि त्याचे तुकडे पाडून पाठवतो. लांब केबलच्या टोकाला हे ठोके आपटून उलटतात, तिथं व्होल्टेज जवळपास दुप्पट उसळतं. त्यातून इथल्या मोटरी दोन-तीनदा भरलेल्या, इन्सुलेशन आधीच थकलेलं. पहिल्याच वेढ्यांत पंक्चर होतं आणि माणूस म्हणतो ड्राइव्हनं मोटर खाल्ली. ड्राइव्ह मोटरीला चिकटून बसवा असं पुस्तकात असतं. लिहिणाऱ्यानं ऑगस्टातली वाडी पाहिलेली नसते. आपण ड्राइव्हच्या आउटपुटला चोक लावायचा, कॅरिअर फ्रिक्वेन्सी खाली आणायची. मोटर शिट्टी वाजवते, वाजवू दे. भरायला आलेली मोटर ड्राइव्हवर चालणार असेल तर तार आणि व्हार्निश चांगलंच वापर, फेजांमधला कागद वाचवू नकोस.

पुरातून आलेली मोटर वाळवलीस की मेगर मारशीलच. ड्राइव्हच्या वायरी आधी सोडव. मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हच्या पोटात गेले की खेळ संपला. लाइट बंद केल्यावरही झाकण लगेच उघडायचं नाही, आतल्या कपॅसिटरात जीव घेण्याइतका डीसी राहतो. दहा मिनिटं थांब, मग मीटर लावून बघ.

आता हर्ट्झ. पंप ५० वरून ४० वर आणला की पॉवर जवळपास निम्मी लागते, गिऱ्हाईक खूश. पण पाणी चढवायची ताकदही ६४ टक्क्यांवर येते. श्रावणात नदी वर असते तेव्हा ४० ला पाणी पडतं, मे महिन्यात नदी खोल गेली की तेच पाणी पाइपात मध्येच उभं राहतं. मोटर फिरते, पंपातलं पाणी तापत बसतं. म्हणून कमीत कमी हर्ट्झ मे महिन्यात ठरव: रानातल्या तोंडाला पाणी पडायला लागलं तो आकडा, वर दोन. पाणबुडी असेल तर ३० च्या खाली नेऊच नकोस, तिचं थ्रस्ट बेअरिंग जातं.

आणि हे आकडे पॅनेलच्या दाराला आतून ऑइलपेंटनं लिही. माझी वही २०१९ ला गेली.