सरपणाची मोळी : परिसर अभ्यासाचा एक तास



आमची शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. इथे घरोघरी अजून चूल पेटते आणि सरपण आणायला बऱ्याचदा मुलंच जातात. गेल्या उन्हाळ्यात चौथीतल्या एका मुलीचे हात सुजले, फोड आले. तिने बिब्ब्याची अर्धवट वाळलेली फांदी मोडून आणली होती. पुस्तकातली झाडांची नावं तिला पाठ होती. हातातलं लाकूड कोणत्या झाडाचं, हे मात्र मी कधी शिकवलंच नव्हतं.

म्हणून हा तास घेतला. प्रत्येकाने घरच्या ढिगातून वीतभर वाळलेलं लाकूड आणायचं. ओली फांदी तोडायची नाही.

आधी साल पाहू. बाभळीची साल काळपट, उभ्या खोल भेगांची. ऐनाची (काही भागात सादडा म्हणतात) चौकोनी तुकड्यांत तडकलेली. मुलं लगेच ओरडली, "सर, सुसरीची पाठ!" धावड्याची मात्र गुळगुळीत, पांढुरकी.

मग लाकूड आडवं कापायचं. करवत मीच चालवतो. कापलेल्या भागावर पाणी शिंपडलं की रंग आणि रेघा उठून दिसतात. खैराचा गाभा लालसर तपकिरी, भोवती फिकट पिवळसर कडं. पांगारा पांढरट आणि अगदीच हलका. हातावर वजन जोखणं हीसुद्धा ओळखच. जड लाकडाचा निखारा टिकतो, हलकं भुर्रकन जळून जातं. हे आजीला विचारून यायला सांगा.

पानं शेवटी, कारण वाळक्या लाकडाला पानं कुठली? त्यासाठी झाडाखालीच जावं लागतं. बाभूळ आणि खैर, दोघांची पानं बारीक पिसांसारखी, मुलं हमखास फसतात. काटे बघा : बाभळीचे लांब, सरळ, पांढरट, खैराचे आखूड, वाकडे.

आता चुलीत न घालायची लाकडं. बिब्ब्याचं पान मोठं, टोकाला गोलसर, खालून फिकट. चीक हवेत काळा पडतो. कण्हेरीची पानं लांब, अरुंद, बहुतेक तीन-तीनच्या फेऱ्यात. ती सगळीच विषारी. या दोन्हींचा धूरही वाईट. ओळख पटली नाही, तर ते लाकूड घरी न्यायचंच नाही, एवढा नियम आम्ही केलाय.

बिब्ब्याचा तुकडा वर्गात आणू नका, झाड लांबूनच दाखवा. आमच्याकडे ते काम आता तीच मुलगी करते.