मोबाइलवरच्या जाहिराती अडवता येतात का?

प्रश्न : मुलाने लॅपटॉपवर क्रोममध्ये अ‍ॅड ब्लॉकर घालून दिला आहे, त्यामुळे तिथे बातम्या निवांत वाचता येतात. तीच बातमी मोबाइलवर उघडली की दोन ओळी मजकूर, मग जाहिरात, परत दोन ओळी, खालून वर येणारी पट्टी आणि मधेच आवाजासकट सुरू होणारा व्हिडिओ. फुली दाबायला जावं तर जाहिरातच उघडते. ब्राउझर तोच, कंपनी तीच, बातमीही तीच. मग लॅपटॉपवर जमतं ते मोबाइलवर का जमत नाही? मोबाइलची ताकद कमी पडते का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : ताकदीचा इथे काही संबंध नाही. आज बाजारात मिळणारा साधा अँड्रॉइड फोनही हे काम आरामात करतो. त्याच फोनवर दुसरा ब्राउझर घातला की ते होतं, हे तुम्हाला स्वतःच पाहता येईल. अडचण क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत आहे. जाहिराती अडवणारं साधन ब्राउझरला बाहेरून जोडावं लागतं, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. संगणकावरच्या क्रोमला २०१० पासून एक्स्टेन्शन जोडता येतात. अँड्रॉइडवर क्रोम २०१२ साली आला, पण तुमच्या-आमच्या फोनवरच्या क्रोममध्ये ही सोय दिलेली नाही. म्हणजे नाव एकच असलं, तरी तुम्ही वापरता ते दोन वेगवेगळे ब्राउझर आहेत.

आता कंपनीचं गणित पाहा. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट. तिच्या २०२३ सालच्या उत्पन्नातला तीन चतुर्थांशांहून मोठा वाटा जाहिरातींचा होता. जिचं घर जाहिरातींवर चालतं, तिला जाहिराती अडवण्याची सोय कोट्यवधी फोनवर आयती देण्यात रस नसणार, हे उघड आहे. तरीही क्रोम काहीच करत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. फेब्रुवारी २०१८ पासून क्रोमने 'चांगल्या जाहिरातीं'चे ठरावीक निकष लावले आहेत. आपोआप आवाजासकट सुरू होणारा व्हिडिओ, पॉप-अप, भराभर रंग बदलणारी जाहिरात, मोबाइलवर मजकुराच्या भागाची तीस टक्क्यांहून अधिक उंची खाणाऱ्या जाहिराती, हे सगळं त्यात त्रासदायक मानलं आहे. जी साइट वारंवार हे नियम मोडते, तिच्यावरच्या जाहिराती क्रोम रोखतो. पण निकषांत बसणारी प्रत्येक जाहिरात तुमच्यापर्यंत पोहोचते आणि ती नको असल्याचं सांगायला क्रोममध्ये बटण नाही.

अ‍ॅड ब्लॉकर नेमकं काय करतो, तेही पाहू. बातमीचं पान उघडलं की मजकूर आणि फोटो त्या वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येतात. त्याच वेळी पानात लपलेले लहान प्रोग्राम इतर अनेक कंपन्यांच्या सर्व्हरना साद घालतात. तुमचा फोन कोणता, तुम्ही साधारण कुठल्या भागात आहात, आधी काय पाहिलंत, अशी माहिती तिकडे जाते. तुमच्या पडद्यावरच्या त्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव होतो आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तिथे येऊन बसते. हे सारं पापणी लवते न लवते तोवर उरकतं. डेटा मात्र तुमच्या पॅकमधला खर्च होतो.

ब्लॉकरकडे नियमांची यादी असते. 'ईझीलिस्ट' ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध यादी स्वयंसेवकांनी चालवलेली आहे. तिच्यातला एक नियम जवळून पाहा : सुरुवातीला दोन उभ्या रेघा, मग जाहिरात कंपनीचा पत्ता आणि शेवटी वर टोक असलेलं छोटं चिन्ह. त्याचा अर्थ, या पत्त्याकडे जाणारी कुठलीही विनंती बाहेर सोडायची नाही. विनंतीच गेली नाही, तर लिलाव होत नाही, जाहिरात उतरत नाही आणि तुमची माहितीही त्या दारी जात नाही. दुसऱ्या प्रकारचे नियम पानावर उरलेला रिकामा चौकोन झाकतात. असे हजारो नियम ब्लॉकर प्रत्येक विनंतीला लावून पाहतो. हे करण्यासाठी ब्राउझरने त्याला विनंतीच्या वाटेवर उभं राहू दिलं पाहिजे. मर्यादेचा सगळा प्रश्न इथे येतो, कारण ती परवानगी कोण किती देतं, यावर ब्लॉकरची ताकद ठरते.

अँड्रॉइडवर ही परवानगी सर्वांत मोकळेपणाने फायरफॉक्स देतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्याने मोबाइल आवृत्तीतही एक्स्टेन्शनचं दार सताड उघडलं. रेमंड हिल यांनी घडवलेलं 'यूब्लॉक ओरिजिन' हे मोफत आणि खुलं साधन तर त्याआधीपासून तिथे चालत होतं. फायरफॉक्स उघडा, तीन ठिपक्यांच्या मेनूत एक्स्टेन्शन या पर्यायावर जा, यूब्लॉक ओरिजिन निवडा आणि जोडा. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये फायरफॉक्सला डीफॉल्ट ब्राउझर करा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंकही त्यातच उघडेल. एवढंही नको असेल तर ब्रेव्ह घ्या. त्यात जाहिराती अडवण्याची सोय आतच आहे. सॅमसंगच्या स्वतःच्या ब्राउझरलाही वेगळा ब्लॉकर जोडता येतो.

लॅपटॉपबद्दल एक सूचना. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली. त्यात मूळ यूब्लॉक ओरिजिनही गेलं. आता तिथे त्याची 'लाइट' ही हलकी आवृत्ती चालते. नव्या पद्धतीत ब्लॉकर स्वतः वाटेवर उभा राहत नाही. तो यादी ब्राउझरच्या हाती देतो आणि अडवण्याचं काम ब्राउझर करतो. लॅपटॉपवर अलीकडे एखादी जाहिरात निसटून दिसत असेल, तर हे एक कारण असू शकतं.

आयफोनची गोष्ट वेगळी. तिथे युरोपीय संघ वगळता जवळपास सगळीकडे प्रत्येक ब्राउझरला अ‍ॅपलचंच वेबकिट हे इंजिन वापरावं लागत आलं आहे. म्हणजे आयफोनवरचा क्रोम किंवा फायरफॉक्स आतून सफारीच्याच यंत्रावर चालतो, आणि त्या फायरफॉक्सला यूब्लॉक ओरिजिन जोडता येत नाही. मात्र २०१५ साली आयओएस ९ बरोबर अ‍ॅपलने सफारीसाठी 'कंटेंट ब्लॉकर'ची सोय आणली. ब्लॉकर अ‍ॅप नियमांची यादी सफारीकडे सोपवतं आणि सफारी ती पाळते. तुम्ही कोणतं पान वाचताय, हे त्या अ‍ॅपला कळत नाही, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. पण यादीला मर्यादा आहे : आधी एका ब्लॉकरला पन्नास हजार नियम, आयओएस १५ पासून दीड लाख. शिवाय असा ब्लॉकर सफारीत चालतो, शेजारच्या क्रोमला त्याचा उपयोग नाही. म्हणून आयफोनवर वाचायचं असेल, तर सफारी आणि एखादा चांगला कंटेंट ब्लॉकर ही जोडी धरा.

शेवटचा मुद्दा, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लिंक दाबली की ती अनेकदा तुमच्या ब्राउझरमध्ये जातच नाही, त्या अ‍ॅपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे तुमचा ब्लॉकर नसतो. मेनूत 'बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा' असा पर्याय दिसला की तो वापरायची सवय लावून घ्या.

प्रश्न : माझ्या फोनवर ब्राउझर बंद असतानाही जाहिराती येतात. गेममध्ये, बॅटरीच्या अ‍ॅपमध्ये, कधी कधी नुसत्या पडद्यावर. यूट्यूबच्या जाहिराती तर संपतच नाहीत. या सगळ्यावर एकच उपाय आहे का?
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : एकच उपाय नाही, कारण या जाहिराती तीन वेगवेगळ्या वाटांनी येतात.

पहिली वाट सूचनांची. एखाद्या साइटने 'सूचना पाठवू का?' विचारलं, घाईत आपण होकार दिला, की तिच्या जाहिराती नोटिफिकेशनच्या रूपात थेट फोनवर उतरतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज आणि तिथे सूचना हा पर्याय उघडा. परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. अनोळखी नावं काढून टाका. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' अशा धमक्या बहुतेक वेळा याच वाटेने येतात.

दुसरी वाट अ‍ॅपची. इतर अ‍ॅपच्या वर दिसण्याची परवानगी कुणाकुणाला दिली आहे, हे सेटिंग्जमध्ये तपासा. टॉर्च, बॅटरी, फोन साफ करणारं अ‍ॅप अशांना ती लागत नाही. संशय आला तर अ‍ॅपच काढा. टॉर्च फोनमध्ये मुळातच असतो.

उरलेल्या अ‍ॅपसाठी अँड्रॉइड ९ पासून म्हणजे २०१८ पासून आलेली 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय उपयोगी पडते. डीएनएस ही इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. साइटचं नाव सांगितलं की ती नंबर काढून देते. जाहिराती गाळणारी डीएनएस सेवा निवडली, तर जाहिरात कंपन्यांचे नंबर ती देतच नाही आणि ब्राउझरबरोबर बऱ्याच अ‍ॅपमधल्या जाहिरातीही थांबतात. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात हा पर्याय मिळेल, सॅमसंगमध्ये कनेक्शनच्या जादा सेटिंग्जमध्ये. तिथे सेवेचा पत्ता भरायचा, उदाहरणार्थ अ‍ॅडगार्डचा 'डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम', अर्थात इंग्रजी अक्षरांत. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. तुम्ही कोणकोणत्या साइटवर जाता, हे त्या सेवेला कळू शकतं, म्हणून ती विश्वासाची निवडा. आणि स्टेशनवरचं किंवा हॉटेलातलं वाय-फाय जोडलं जात नसेल, तर तेवढ्यापुरता हा पर्याय 'आपोआप'वर ठेवा.

तिसरी वाट यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्रामची. तिथे जाहिरात आणि मजकूर एकाच कंपनीच्या सर्व्हरवरून येतात. जाहिरातीचा नंबर बंद करावा तर व्हिडिओही बंद पडेल. म्हणून इथे डीएनएस हतबल आहे. फायरफॉक्समध्ये यूब्लॉकसह यूट्यूब उघडलं तर जाहिराती बऱ्याच अंशी थांबतात, पण यूट्यूब आणि ब्लॉकर यांची ओढाताण सतत चालू असते. तक्रारीशिवाय चालणारा मार्ग पैसे भरून प्रीमियम घेण्याचा.

एक उपाय मात्र चुकूनही करू नका : 'जाहिरातमुक्त यूट्यूब' म्हणून कुणी पाठवलेली एपीके फाइल. इतर अ‍ॅपच्या जाहिराती रोखणारी अ‍ॅप प्ले स्टोअरच्या नियमांत बसत नाहीत. याच कारणाने मार्च २०१३ मध्ये गूगलने अ‍ॅडब्लॉक प्लस तिथून काढलं होतं. त्यामुळे अशी अ‍ॅप बाहेरून मिळतात आणि त्यांच्या नावाखाली काहीही फोनमध्ये शिरू शकतं. ज्या फोनवर बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय आहे, तिथे हा धोका पत्करू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

प्रश्न : जाहिराती अडवणं अप्रामाणिकपणाचं नाही का? साइट फुकट वाचायची आणि तिचं उत्पन्न बुडवायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो मनाला लागला पाहिजे. मराठी वर्तमानपत्रांच्या आणि लहान मराठी साइटच्या मागे माणसं राबतात. फुकट वाचायला मिळणाऱ्या बातमीचा खर्च बऱ्याच अंशी जाहिरातीच भागवतात.

पण जाहिरात दाखवणं वेगळं आणि वाचकाला गंडवणं वेगळं. फुली इतकी बारीक ठेवायची की बोट जाहिरातीवरच पडावं, बातमीच्या रूपात जाहिरात घुसवायची, खोटं डाउनलोडचं बटण दाखवायचं, हे वाचकाने का सोसावं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली ग्राहकाला भुलवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांना मनाई करणारे नियम काढले. मजकुराचं सोंग घेतलेली जाहिरात त्यांत नाव घेऊन सांगितली आहे. अशा प्रकाराची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर करता येते. सुरक्षेचाही प्रश्न आहे. सर्चमधल्या जाहिरातींतून खऱ्या कंपन्यांची हुबेहूब नक्कल होते, म्हणून अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना अ‍ॅड ब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला होता. आपल्याकडे बँकेचा हेल्पलाइन नंबर किंवा सातबारा शोधताना वर 'प्रायोजित' लिहिलेली लिंक पहिली दिसते आणि घाईत तीच दाबली जाते. ज्येष्ठांच्या फोनवर ब्लॉकर असणं म्हणूनच गरजेचं वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. फोन तुमचा, डेटा तुमचा, तेव्हा पडद्यावर काय उतरावं हे ठरवण्याचा पहिला हक्कही तुमचा. पण या हक्कासोबत एक कर्तव्य येतं. जी मराठी साइट तुम्ही रोज वाचता, जिच्या जाहिराती सभ्य आहेत, तिला सूट द्या. यूब्लॉक ओरिजिनमध्ये ते सोपं आहे : साइट उघडा, एक्स्टेन्शनच्या मेनूतून यूब्लॉक उघडा आणि त्यातलं पॉवरचं मोठं बटण दाबा. त्या साइटपुरता ब्लॉकर बंद होतो आणि पुढच्या वेळीही बंदच राहतो. शक्य असेल, तर तिची वर्गणीही भरा. आपल्या भाषेत कसदार लिहिलं जावं असं वाटत असेल, तर ते लिहिणाऱ्यांचा खर्च वाचकांनीही थोडा उचलायला हवा.