घटक ६ : हस्ताक्षरी वळणाचे फॉन्ट आणि त्यांचा उचित वापर

६.१ उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस –
• हस्ताक्षरी फॉन्टचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• मजकुराचा हेतू ओळखून फॉन्टची निवड करता येईल.
• निवडलेला फॉन्ट मराठीस योग्य आहे की नाही, हे तपासता येईल.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, धामणगाव रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाचे नाव काळ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते. धावत्या गाडीतूनही ते वाचता यावे, हा तेथील हेतू. त्याच गावातील घरच्या डोहाळजेवणाचे निमंत्रण मात्र आपण तशा अक्षरांत छापणार नाही. तेथे आपुलकी हवी असते. अक्षराचे वळणही अर्थात भर घालते, ते असे.

६.३ विषय-विवेचन

(अ) स्वरूप : सहज हाताने लिहिल्यासारखी अक्षरे असणारा फॉन्ट म्हणजे हस्ताक्षरी फॉन्ट. तो प्रत्यक्ष अक्षरलेखनाहून वेगळा असतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके नाटकाच्या प्रकृतीनुसार स्वतंत्रपणे रेखाटली. फॉन्टमधील ‘क’ मात्र सामान्यतः प्रत्येक वेळी तोच असतो. त्यामुळे दीर्घ मजकुरात हस्तलेखनाचा आभास ओसरतो.

(आ) उदाहरणे : इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा फॉन्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लिपी रावल व जॉनी पिनहॉर्न यांनी तो घडवला. त्याची अक्षरे बॉलपेनने लिहिल्यासारखी तिरपी दिसतात. ‘डेक्को’ हा अनौपचारिक वळणाचा फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या देवनागरी अक्षररचनेवर आधारलेला आहे. दोन्हींत देवनागरी व रोमन अक्षरे असून ते विनामूल्य उपलब्ध आहेत.

(इ) वापर : निमंत्रणे, शुभेच्छापत्रे, चित्रकथेतील संवाद, बालपुस्तकांची शीर्षके येथे हे फॉन्ट शोभतात. औषधाची मात्रा किंवा कापूस खरेदीची सूचना यांसाठी ते टाळावेत. घाईच्या वळणात ‘१’ चा ‘९’ वाचला गेला, तर शेतकऱ्याची बाजारातील खेप वाया जाईल.

(ई) मराठीची कसोटी : फॉन्ट निवडण्यापूर्वी ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे शब्द टंकून पाहावेत. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दोहोंतील भेद पुसला जात असेल, तर फॉन्ट कितीही देखणा असला तरी मराठीस निरुपयोगी होय. पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ मिळतात का, तसेच ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जातो का, हेही पाहावे.

६.४ सारांश

हस्ताक्षरी फॉन्ट मजकुराला जवळीक देतो. परंतु वाचनीयता व अर्थभेद राखूनच ती जवळीक स्वीकारावी.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. अक्षरलेखन व हस्ताक्षरी फॉन्ट यांतील फरक सांगा.
२. आपल्या परिसरातील एक निमंत्रणपत्रिका व एक जाहीर सूचना मिळवा. त्यांतील अक्षरवळणांच्या औचित्याची चर्चा करा.