मैदान पन्नास गुणांचं, लेखी शंभर गुणांची

मुंबई पोलिसांत भरती व्हायचं म्हणून साताऱ्यापासून बीडपर्यंतची मुलं-मुली भल्या पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांच्या जिद्दीचं कौतुक वाटतं आणि काळजीही वाटते, कारण भरतीचं गणित यातल्या अनेकांना कोणी नीट समजावलेलंच नसतं.

पोलीस शिपाई पदाला बारावी पास लागते. खुल्या प्रवर्गासाठी वय 18 ते 28, मागास प्रवर्गांना 33 पर्यंत सवलत. उंची मुलांना 165 सेंटिमीटर आणि मुलींना 155. मैदानी चाचणी 50 गुणांची : मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानात किमान निम्मे गुण मिळवावे लागतात. त्यातूनही एका जागेमागे दहाच उमेदवार लेखीला बोलावले जातात. लेखी मात्र 100 गुणांची असते : अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. वेळ नव्वद मिनिटं.

मेरिट लागतं ते दोन्ही मिळून दीडशे गुणांवर. मुलं मात्र अकॅडमीत वर्ष-दोन वर्षं सोळाशेच्या मागे लागतात आणि पुस्तक उघडतात मैदानाचा निकाल लागल्यावर. सोळाशेची वेळ थोडी खाली आणायला महिने जातात, वाढतात एक-दोन गुण. शेकडेवारी आणि काळ-काम-वेग पक्कं केलं, तर तेवढे गुण दोन महिन्यांत हाताशी येतात. म्हणून सकाळी मैदान आणि संध्याकाळी गणित, हे पहिल्या दिवसापासूनच सुरू झालं पाहिजे. आणि वेळ कमी करण्यासाठी कोणी इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली, तर ती अजिबात घेऊ नका. भर उन्हात धावताना ती जिवावर बेतू शकते.

आई-वडिलांनो, एक गोष्ट तुम्हाला कळकळीने सांगायची आहे. 'साहेबांशी ओळख आहे, इतके लाख द्या' म्हणणारा माणूस प्रत्येक भरतीत कुठून तरी उगवतो. त्याच्यासाठी जमीन विकू नका. पैसे तर बुडतातच, वर मुलावर गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत त्याची पुढची वाटही अडते.

नोकरी कशी असते, हेही मुलांना आधीच कळू द्या. मूळ वेतन 21,700 रुपयांपासून, वर भत्ते. पण शहर गणपतीत रात्र जागवतं तेव्हा पोलीस बंदोबस्ताला उभा असतो, आणि सणाच्या दिवसांत रजा मिळणं कठीण. बारा-बारा तासांच्या ड्युटीने माणसं आजारी पडायची. 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तो याच कारणाने. मुलीला पाठवताना घरच्यांना रात्रपाळीची धास्ती वाटते, ते साहजिक आहे. पण त्या भीतीपायी तिचा अर्ज अडवू नका. तक्रार द्यायला आलेल्या बाईला ठाण्यात महिला पोलीस भेटणं फार गरजेचं आहे.

2024 च्या भरतीत राज्यभरात 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले 17 लाखांच्या वर. म्हणजे शंभरात जेमतेम एक. उरलेल्या नव्व्याण्णवांनी काय करायचं? मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती भरतीसाठी एफवायलाच कॉलेज सोडणाऱ्यांची. पदवी असेल तर राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून थेट पोलीस उपनिरीक्षक होता येतं. प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत, मूळ वेतन 38,600 रुपयांपासून. पदवी नसेल तर हा रस्ताच बंद, आणि भरतीचं वय उलटल्यावर हाती फक्त बारावीचं प्रमाणपत्र उरतं.

म्हणून अकॅडमीची फी भरण्याआधी कॉलेजची फी भरा. रोज कॉलेजला जाणं जमत नसेल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते. जवळच्या अभ्यासकेंद्रात या आठवड्यातच चौकशी करा.